नवा गिअर नॉब सारखा ढिला होतोय? आधी बूट तपासा, मग आटे

बाजारातून आणलेला गिअर नॉब, म्हणजे गिअरच्या दांड्यावरची मूठ, बसवला की पहिले काही दिवस मालक खूश असतो. मग तीच गाडी परत येते. तक्रारी साधारण अशा असतात:

- नॉब हातात गोल फिरतो आणि वरचा गिअरचा नकाशा तिरका झालेला असतो.
- नॉब फिरत नाही, पण पुढे-मागे हलतो आणि गिअर बदलताना बारीक ‘टक’ असं वाजतं.
- बूट, म्हणजे दांड्याभोवतीचं रेक्झिनचं आवरण, नॉबच्या मानेवरून घसरून खाली बसतो आणि लोखंडी दांडा उघडा पडतो.
- ठरावीक आरपीएमला टरटर सुरू होते आणि नॉबवर हात ठेवला की थांबते.
- तिसरा किंवा पाचवा पडतो, पण हात काढला की लिव्हर किंचित मागे येतो. कधी गिअर सुटतोसुद्धा.
- बूटची खालची चौकट कन्सोलमधून (दोन सीटमधल्या प्लॅस्टिकच्या भागातून) उचकटते.
- रिव्हर्सची रिंग वर येत नाही, किंवा वर गेलेली परत खाली येत नाही.

यातली बरीचशी दुखणी लोक नॉबच्या नावावर घालतात. दुसरा नॉब आणतात, त्याचंही तेच होतं. माझ्या अनुभवात गुन्हेगार बहुतेक वेळा बूट असतो. म्हणून तपासणीचा क्रम खाली दिलाय तसाच ठेवा. पहिल्या काही गोष्टींना पैसा लागत नाही.

आधी एवढं करा

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला. दाराच्या कप्प्यात एक छोटी डबी ठेवा. ग्रब स्क्रू (डोकं नसलेला बारीक स्क्रू) निसटून सीटच्या रेलमध्ये गेला की तो शोधण्यातच संध्याकाळ जाते.

रिव्हर्सची रिंग: ही एका मिनिटात बघायची

तुमच्या गाडीत नॉबखाली बोटांनी वर ओढायची रिंग असेल तर पहिली तपासणी हीच. ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत ती असते, इतरांतही असते. पोलो-व्हेंटोत रिंग नाही, तिथे लिव्हर खाली दाबून रिव्हर्स पडतो. मारुतीच्या बऱ्याच पाच गिअरच्या गाड्यांत रिव्हर्स पाचव्याच्या खाली असतो आणि रिंग लागत नाही. रिंग नसेल तर हा भाग सोडून पुढे जा.

रिंग पूर्ण वर ओढा आणि सोडा. ती आपल्या स्प्रिंगने खटकन खाली यायला हवी. येत नसेल तर दोन कारणं संभवतात. एक, नवा नॉब जास्त खाली बसलाय आणि रिंगला वर जायला जागाच उरली नाही. दोन, बूट बांधताना केबल टाय रिंगवरच आवळला गेलाय. दुसरं कारण फार आढळतं, कारण बूट बांधायला तीच जागा सोयीची वाटते.

रिंग वर अडकून राहिली तर रिव्हर्सचं कुलूप उघडं राहिलं असं समजा. ज्या गाड्यांत रिव्हर्स पहिल्याच्या शेजारी असतो, तिथे नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलला घाईत पहिला टाकायला जाल आणि गाडी मागच्या रिक्षावर जाईल. रिंग नीट चालत नसेल तर नवा नॉब काढा, जुना लावा, आणि तोवर गाडी बाहेर काढू नका. जो नॉब रिंगसाठी जागा ठेवत नाही, तो तुमच्या गाडीचा नॉब नाही. रिंग कापणं, तिची केबल सोडून देणं, ती कायमची वर बांधून ठेवणं, असे ‘उपाय’ मी पाहिलेत. ते करणाऱ्याकडून गाडीचं दुसरं कामही करून घेऊ नये.

नेमकं हलतंय काय?

बूट वरून सोडवून खाली ढकला, म्हणजे दांडा दिसेल. एका हाताने दांडा घट्ट धरा आणि दुसऱ्याने नॉब फिरवा, हलवा. दांडा स्थिर आणि नॉब हलतोय, तर दोष नॉबच्या बसणीत आहे. दोन्ही एकत्र हलतात, तर नॉबचा संबंध नाही. न्यूट्रलमध्ये लिव्हर डावी-उजवीकडे हलणं सगळ्याच गाड्यांत असतं. इंजिन बंद ठेवून गिअर टाका, मग हलवून बघा. गिअरमध्येही दांडा भरपूर लुळा असेल तर लिव्हरच्या बुडाचा बुश (आधार देणारी छोटी नळी) किंवा गिअर केबलच्या टोकाचा बुश झिजलेला असतो. ते काम गॅरेजचं आहे, नॉब कितीही आवळला तरी ते बरं होणार नाही.

ही तपासणी फुकट आहे, तरी लोक ती टाळतात आणि थेट पाना हातात घेतात.

ग्रब स्क्रू

‘युनिव्हर्सल’ म्हणून मिळणाऱ्या नॉबला खालच्या कडेला दोन किंवा तीन बारीक ग्रब स्क्रू असतात. पाकिटातली ॲलन की मऊ लोखंडाची असते, तिचे कोपरे लगेच गोल होतात. चांगली की वेगळी घ्या, बहुधा २ किंवा २.५ मिमीची लागते. सगळे स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. एकच पूर्ण आवळला की नॉब तिरका बसतो, उरलेले नुसते टेकतात आणि थरथरीने आधी तेच सुटतात.

नॉबच्या आत रबरी किंवा प्लॅस्टिकचा बुश असतो. पाकिटात वेगवेगळ्या व्यासाचे बुश येतात आणि घाईत जो हाताला लागेल तो घातला जातो. बुश दांड्यावर हाताच्या जोराने, थोडा अडखळत बसला पाहिजे. सहज सरकत असेल तर तो मोठा आहे. मग स्क्रू बुशला दाबतात, बुश दांड्याला धरत नाही, आणि सगळं मिळून गोल फिरतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हात बंद उभ्या गाडीत रबर मऊ पडतं, तेव्हा तर फिरतंच. अल्युमिनियमचा बुश मिळाला तर तो घ्या.

पट्टी गुंडाळून व्यास वाढवायची युक्ती सगळ्यांना सुचते. इन्सुलेशन टेपचा डिंक उन्हाने पातळ होतो आणि आठवड्यात नॉब परत हातात येतो. एमसील तर अजिबात नको. पुढे कधी लिव्हर काढायची वेळ आली की ते छिन्नीने फोडावं लागतं.

बूट: इथे वेळ घालवा

बूट शोभेचा आहे असं वाटतं. तो धूळ आणि खालचा आवाज अडवतो हे खरं, पण नॉबच्या दृष्टीने तो लिव्हरला बांधलेला एक ताण आहे. हा ताण दोन प्रकारे त्रास देतो.

पहिला म्हणजे पीळ. आट्यांवर बसणारा नॉब उजवीकडे फिरवून आवळतात. बूट आधीच नॉबला बांधलेला असेल, तर नॉबबरोबर तोही फिरतो आणि त्याला पीळ बसतो. आता रेक्झिन आपल्या मूळ आकाराला यायला बघतं, म्हणजे डावीकडे, आणि तीच आटे सुटायची दिशा आहे. रस्त्याची थरथर त्याला मदत करते. नॉब ‘आपोआप’ ढिला होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. निफाड-पिंपळगावकडून येणाऱ्या, शिवारातल्या कच्च्या वाटांवर चालणाऱ्या गाड्यांत ते लवकर दिसतं इतकंच, शहरातल्या गाड्यांनाही ते चुकत नाही.

तपासायचं कसं? बूटच्या चार कोपऱ्यांच्या शिवणी बघा. त्या खालच्या चौकटीपासून नॉबच्या मानेपर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. गोफणीसारख्या वळलेल्या दिसल्या की निदान झालं. बूट सोडवा, नॉब आवळा, आणि बूट सगळ्यात शेवटी बांधा. एवढ्यावर बरेच जण सुटतात.

दुसरा त्रास उंचीचा. कंपनीच्या नॉबची मान जिथे संपते, तिथपर्यंतच बूट शिवलेला असतो. नवा नॉब त्यापेक्षा वर बसला की बूट ताणला जातो, खाली बसला की त्याची घडी पडते. गिअर पुढे टाकला की मागची बाजू ताणते, मागे टाकला की पुढची. इंजिन बंद ठेवून पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर एकेक करून टाका आणि प्रत्येक वेळी बूटकडे बघा. एखाद्या गिअरला कापड ढोलकीच्या वादीसारखं ताठ होत असेल, तर हात काढल्यावर लिव्हर मागे येण्याचं कारण तेच. घडी पडत असेल तर ती कन्सोलच्या कडेत सापडते आणि गिअर पूर्ण आत जात नाही. अर्धवट पडलेला गिअर भार आला की सुटतो.

कसारा घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात धरून ठेवायची असते. तिथे गिअर सुटला की इंजिनाची पकड जाते आणि सगळं ओझं ब्रेकवर येतं. म्हणून ‘बूट थोडा ताणतोय, चालेल’ हे मला मान्य नाही. रोज फक्त गंगापूर रोडवर गाडी चालवत असाल तरीही नाही.

आता बांधण्याची पद्धत. बूट खालून चौकटीसकट सोडवा. चौकट बहुतेक गाड्यांत खटक्यांवर बसलेली असते. प्लॅस्टिकच्या पट्टीने एका कोपऱ्यातून उचला, स्क्रू ड्रायव्हरने कन्सोलला ओरखडे येतात. बूट पूर्ण उलटा करा, म्हणजे आतली बाजू बाहेर येईल आणि मोजा उलटावा तसा तो नॉबच्या वर उभा राहील. त्याचं तोंड नॉबच्या मानेवर आणा, वरून केबल टाय आवळा, शेपूट कापा, आणि बूट खाली उलटवा. टाय आत झाकला जातो आणि वरून शिवण स्वच्छ दिसते. वरूनच टाय आवळून कुरूप गाठ ठेवण्यात काही अर्थ नाही.

हे करताना नॉबच्या मानेला खाच आहे का ते बघा. खाच नसलेल्या गुळगुळीत मानेवर टाय टिकत नाही, बूट घसरणारच. अशा नॉबसाठी खालून बसणारी वेगळी कॉलर मिळते. किंवा बूट नॉबला बांधूच नका, दांड्यावर चेकनट (नॉबला खालून आवळून धरणारा नट) बसवा आणि बूटचं तोंड त्याच्या खाली आवळा. दिसायला फार सुबक नाही, पण पीळ बसायचा प्रश्नच राहत नाही. मला हाच प्रकार जास्त पसंत आहे.

बूटच लहान पडत असेल तर ओढाताण करू नका. सीट कव्हर शिवणाऱ्याला जुना बूट नमुन्यासाठी द्या आणि उंची दोन-तीन सेंटीमीटर वाढवून नवा शिवून घ्या. खालची चौकट जुनीच वापरता येते.

आटे जुळतात का?

नॉब आट्यांवर बसणारा असेल आणि तो दोन फेऱ्यांत अडकत असेल, किंवा पूर्ण बसूनही डुगडुगत असेल, तर आटे वेगळे आहेत. दांड्याचा व्यास आणि दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, दोन्ही जुळावं लागतं. होंडाच्या गाड्यांत सहसा एम १० (म्हणजे १० मिमी व्यास) आणि पिच १.५ असतो. टोयोटाच्या स्वतःच्या गाड्यांत सहसा एम १२, पिच १.२५. पण बॅजवर जाऊ नका, टोयोटाची ग्लान्झा ही आतून मारुतीची बलेनो आहे. म्हणून मोजूनच घ्या.

मोजायला गेज लागत नाही. नटबोल्टच्या दुकानातून एम १०, पिच १.५ आणि एम १०, पिच १.२५ असे दोन नट आणा. दांडा जाड असेल तर एम १२, पिच १.२५चाही. १०चा १.५ कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतो, बाकीचे बारीक आट्यांचे असल्याने मोठ्या दुकानातच मिळतील. दांड्यावर बोटांनी फिरवून बघा. जो नट पान्याशिवाय पाच-सहा फेरे सहज जातो, तो तुमचा. दोन-तीन फेऱ्यांनंतर घट्ट होणारा नट पान्याने पुढे रेटू नका. १.२५च्या दांड्यावर १.५चा नॉब रेटला की आटे खाल्ले जातात, आणि नॉबचे गेले तर नॉब जातो, पण दांड्याचे गेले तर लिव्हर जातो.

जुळणारा नट वाया जात नाही, तोच चेकनट म्हणून वापरा. तो आधी दांड्यावर खाली न्या, नॉब फिरवून नकाशा सरळ येईल तिथे थांबवा, मग नॉब धरून ठेवा आणि नट वर आणून त्याला टेकवून आवळा. नकाशा सरळ यावा म्हणून नॉब अर्धा फेरा कमी आवळून ठेवायचा प्रकार यामुळे बंद होतो. मात्र नॉबच्या आत पुरेसे आटे गेले पाहिजेत. अल्युमिनियमच्या नॉबमध्ये १० मिमीचा दांडा किमान १५ मिमी तरी जावा.

तरीही सुटत असेल तर आटे पेट्रोलने किंवा थिनरने पुसून कोरडे करा आणि निळ्या रंगाचं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा द्रव) दोन थेंब लावा. लाल लावू नका, ते सोडवायला तापवावं लागतं. प्लॅस्टिकच्या आट्यांवर कुठलंच लावू नका, काही प्लॅस्टिकांना त्याने तडे जातात. पूर्ण पकडायला त्याला साधारण २४ तास लागतात, म्हणून लावल्या लावल्या सापुताऱ्याला निघू नका.

टरटर आणि वजन

ठरावीक आरपीएमला येणारी टरटर वरचं सगळं केल्यावर बहुधा गेलेली असते. उरली असेल तर रिंग आणि नॉब यांच्यामध्ये फेल्टची पातळ चकती घाला.

भरीव स्टीलचा जड नॉब घेतला असेल तर एक प्रयोग करा. कंपनीचा नॉब परत लावून काही दिवस चालवा. गिअर सुटणं थांबलं, तर लिव्हरच्या टोकावरचं वजन कारणीभूत आहे. खड्ड्यात गाडी आदळली की ते वजन स्वतःच्या जोराने लिव्हर ओढतं, आणि लिंकेज (लिव्हर आणि गिअरबॉक्समधली जोडणी) किंवा इंजिनाचं माउंटिंग थोडं झिजलेलं असलं की तेवढा धक्का पुरतो. नवीन गाडीत जड नॉबने गिअर मऊ पडल्यासारखा वाटतो हे खरं आहे. जुन्या गाडीत मी तो बसवायला सांगत नाही. शिवाय उन्हात उभ्या गाडीतला स्टीलचा नॉब तळहात भाजतो. त्यावर जुना मोजा घालून फिरणारे लोक पाहिले की हसू येतं, एवढा खर्च करून शेवटी मोजाच दिसतो.

ॲडॉप्टर करून घेणं

आवडलेला नॉब आणि दांडा यांचे आटे जुळतच नसतील, तर मधला ॲडॉप्टर लेथवर करून घेता येतो. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीमुळे नाशिकमध्ये टर्नरची वानवा नाही. छोट्या वर्कशॉपला एखादा नग करून द्यायला वेळ असेल तर काम होतं. नॉब आणि जुळलेला नट दोन्ही घेऊन जा, तोंडी माप सांगू नका. ॲडॉप्टरने उंची वाढते, म्हणजे बूटची तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

कंपनीचा नॉब लावूनही गिअर सुटत असेल तर दोष गिअरबॉक्स, लिंकेज किंवा माउंटिंगमध्ये आहे. गिअर टाकताना करकर येत असेल तर क्लच आणि सिंक्रोनायझर बघावे लागतील. दोन्ही कामं घरी करायची नाहीत.

दांड्याचे आटे गेले असतील तर तिथे वेल्डिंग करून घेऊ नका. खाली प्लॅस्टिकचे बुश असतात, उष्णतेने ते वितळतात. डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ होतात का ते मेकॅनिकला बघू द्या, नाहीतर लिव्हर बदला.

पोलो-व्हेंटोसारख्या गाड्यांत नॉब आणि बूट एकसंध येतात आणि खाली एकदाच दाबून बसवायच्या क्लॅम्पने धरलेले असतात. दांड्याला आटेच नसतात. क्लॅम्प कापल्यावर तो परत वापरता येत नाही, म्हणून नवा क्लॅम्प आणि तो दाबायची पक्कड हाताशी नसेल तर कापायला जाऊ नका. ओढून निघणाऱ्या नॉबबाबतही एक सूचना: वर ओढताना चेहरा बाजूला ठेवा. तो सुटतो तेव्हा एकदम सुटतो, आणि दात किंवा ओठ फुटतो.

कन्सोल उघडावा लागला आणि आत पिवळ्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर तिथून हात मागे घ्या. ती एअरबॅगची वायरिंग असते. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या बोगद्यावर (दोन सीटमधल्या फरशीच्या उंचवट्यावर), गिअर लिव्हरच्या आसपासच बसवलेलं असतं. तिथे हातोडी चालवायची नाही, कनेक्टर ओढायचे नाहीत आणि इग्निशन चालू ठेवून काही काढायचं नाही.

गॅरेजला जाताना कंपनीचा नॉब, त्याची रिंग आणि जुना बूट सोबत न्या, आणि गिअर नेमका कोणता, गाडी चढावर असताना की उतारावर, पाय ॲक्सिलरेटरवर असताना की उचलल्यावर सुटतो, ते आधीच लिहून ठेवा. मेकॅनिक पहिले हेच विचारतो.